१९४५ ची के-९८ रायफल: एक उन्हाळा आणि दोन हिवाळे सांभाळल्यावर

गेल्या हिवाळ्यापासून माझ्याकडे दुसऱ्या महायुद्धातली जर्मन रायफल काराबिनर ९८ कुर्झ आहे, सगळे जिला के-९८ म्हणतात ती. रिसीव्हरवर, म्हणजे नळीमागच्या ज्या पोलादी भागात नळी बंद करणारा बोल्ट सरकतो त्यावर, ‘बीएनझेड ४५’ अशी खूण आहे. बीएनझेड हा ऑस्ट्रियातल्या स्टायर-डाइमलर-पुख कारखान्याचा संकेत, आणि ४५ म्हणजे १९४५, युद्धाचे अगदी शेवटचे महिने. या अखेरच्या घडणीला संग्राहक ‘क्रीग्समोडेल’ (युद्धकालीन नमुना) म्हणतात. मी ओहायोत राहतो. इथला उन्हाळा चांगलाच दमट असतो, त्यामुळे हा अनुभव जितका रायफलीचा तितकाच ती जपण्याचाही आहे.

ही रायफल जर्मन सैन्याने १९३५ मध्ये स्वीकारली आणि युद्ध संपेपर्यंत तिच्या १ कोटी ४० लाखांहून जास्त प्रती निघाल्या. युद्धाआधीची एखादी हातात घेतली की गुळगुळीत काळंनिळं पोलाद आणि नेटका दस्ता पाहून माणूस खूश होतो. माझी तशी नाही, आणि मी ती त्यासाठीच घेतली. रिसीव्हरवर कटरचे ओरखडे तसेच सोडलेत. नळी आणि दस्ता एकत्र धरणारे बँड पत्र्यातून दाबून, वेल्ड करून काढलेत आणि स्प्रिंगऐवजी स्क्रूने बसवलेत. चापाखालचं कडंही पत्र्याचंच. संगीन अडकवायची खुंटी नाही, नळीखालची साफसफाईची सळई नाही, दस्त्यातली पोलादी चकती नाही. दस्ता बीचच्या पातळ थरांचा, चिकटवून दाबलेला. अक्रोडाचं लाकूड वर्षानुवर्षं वाळवत ठेवायला लागायचं, म्हणून हे थरांचे दस्ते युद्धाच्या आधीपासूनच येऊ लागले होते. ते जड असतात, पण वाकत नाहीत. माझा आजही सरळ आहे.

काय काय वगळलं यापेक्षा काय वगळलं नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बोल्टला पुढचे दोन लॉकिंग लग (बोल्ट अडकवून धरणारे उंचवटे) आहेत, मागचा तिसरा सुरक्षेचा लग आहे, काडतूस पकडून ठेवणारा लांब एक्स्ट्रॅक्टर आहे. फुटक्या काडतुसाचा गॅस बाहेर काढणारी छिद्रं आहेत. आधी ती लांबट असत, इथे साधी गोल आहेत. म्हणजे दिसण्यावरचा सगळा खर्च कापला, पण ज्यावर रायफल चालवणाऱ्याचा जीव अवलंबून असतो ते ठेवलं. बोल्ट ओढताना खरखर जाणवते, बंद मात्र घट्ट होतो.

बार उडवण्याआधी जाणत्या गनस्मिथकडून हेडस्पेस, म्हणजे बोल्ट बंद असताना काडतुसाला मिळणारी जागा, मोजून घेतला. अशा जुन्या रायफलीच्या बाबतीत ही पायरी कुणीही टाळू नये. काडतुसं अमेरिकन बनावटीची वापरतो. १८८८ च्या रायफलींची नळी अरुंद होती, त्यांत चुकून हे काडतूस गेलं तर धोका नको म्हणून अमेरिकेतले कारखाने ८ मिलिमीटर माउझरचं, म्हणजे या रायफलीचं, काडतूस मुद्दाम कमी दाबाचं ठेवतात. युरोपातलं पूर्ण दाबाचं असतं. ऐंशी वर्षांच्या पोलादाला कमी दाबच बरा. मागची साइट १०० मीटरवर ठेवली तरी माझ्या रायफलीची गोळी निशाणाच्या थोडी वर जाते. नळीच्या टोकावरची माशी बदलून जास्त उंच बसवून ते ‘दुरुस्त’ करणारे लोक आहेत. मी खाली नेम धरतो.

युगोस्लाव्हियाची पन्नाशीच्या दशकातली काडतुसं स्वस्त मिळत असत, पण त्यांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे बार पेटवणाऱ्या टोपीत, क्लोरेट असतं. बार उडाल्यावर नळीत मीठ उरतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि बघता बघता गंज धरतो. तेलाने मीठ निघत नाही. कुणी ती वापरलीच तर त्याच दिवशी नळी आणि बोल्टचं तोंड गरम पाण्याने धुवून, पूर्ण कोरडं करून मगच तेल द्यावं. मी ती वापरतच नाही.

आता जपणुकीबद्दल, कारण खरं काम तिथेच आहे. फॉस्फेटचा राखाडी-हिरवट थर सच्छिद्र असतो आणि तेल धरून ठेवतो, त्यामुळे तिथे बॅलिस्टॉल तेलाचा अगदी पातळ हात पुरतो. जिथे पोलाद उघडं आहे तिथे रेनेसान्स वॅक्स. हे मेण ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत संग्रहालयातल्या वस्तूंसाठी तयार झालं आणि वर्षभराच्या वापरानंतर मी त्याला पैकीच्या पैकी गुण देतो. कॉटनचे हातमोजे घालून हाताळलं, मेणाचा हात दिला, की बोटांचे ठसे उमटत नाहीत. लाकडावरही फक्त हेच मेण. जवसाचं तेल, सँडपेपर, स्टील वूल यांतलं काहीही दस्त्याजवळ नेऊ नये. अखेरच्या काळातल्या दस्त्यांवर मुळातच नावापुरतं तेल असायचं. वरून आणखी पाजलं की लाकूड काळवंडतं आणि मूळचा कोरडा, फिका रंग कायमचा जातो.

तिजोरीत विजेवर मंद गरम राहणारी दांडी आणि सिलिका जेल आहे. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहते. सबंध जुलै-ऑगस्टमध्ये गंजाचा एकही ठिपका आला नाही. रायफल सिलिकॉन लावलेल्या विणलेल्या पिशवीत असते. फोमच्या पेटीत ती कधीच ठेवत नाही, कारण फोम ओल धरतो. चामड्याचा पट्टा वेगळा ठेवलाय, चामड्यातली रसायनं पोलादाला बाधतात. लाकडाखाली लपलेला गंज तपासायला नळी दस्त्यातून एकदा बाहेर काढली, तीही स्क्रूच्या खाचेत नेमकं बसणारं पातं वापरून. पुन्हापुन्हा उघडलं की स्क्रूच्या खाचा आणि लाकडाच्या कडा तुटतात.

खालच्या बँडच्या आड माझ्या रायफलीचा दस्ता करवतीने कापलेला आहे. याला ‘डफल कट’ म्हणतात. अमेरिकन सैनिकांनी घरी नेताना रायफल लांब डफल बॅगेत मावावी म्हणून दस्ता असा कापला. बँडमुळे तुकडा जागेवर घट्ट बसतो. तो पिन आणि गोंद घालून जोडून द्यायची तयारी दुकानदाराने दाखवली होती, मी नको म्हटलं. ही रायफल अमेरिकेत कशी आली, ते या कापाइतकं स्पष्ट दुसरं काहीच सांगत नाही.

याहून जड एक गोष्ट आहे आणि ती वगळून या रायफलीबद्दल लिहिणं मला पटत नाही. स्टायरने रायफलींचे भाग बनवायला माउटहाउझेन-गूझेन छळछावणीतले कैदी राबवले. त्यांत पोलिश होते, स्पेनचे प्रजासत्ताकवादी होते, सोव्हिएत युद्धकैदी होते. ५ मे १९४५ ला अमेरिकन सैनिक तिथे पोहोचले तेव्हा अनेकजण उभेही राहू शकत नव्हते. वायमारचा गुस्टलोफ कारखानाही, ज्याचा संकेत ‘बीसीडी’, बुखेनवाल्डच्या कैद्यांवर चालत होता. म्हणून रिसीव्हरवरचे ते ओरखडे मी पॉलिश करून घालवणार नाही. ‘अखेरच्या काळातली ओबडधोबड घडण’ म्हणून संग्राहक त्यांचं कौतुक करतात, तेव्हा ती घडण कुणाच्या उपाशी हातांतून गेली असेल हेही त्याच वाक्यात यायला हवं. हौशीने स्वस्तिकं गोळा करणाऱ्यांशी मला काही देणंघेणं नाही.

आणि मराठी माणसाला या रायफलीच्या समोरची बाजूही माहीत असावी. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे जर्मन मशीनगनच्या मोर्च्यावर एकटे धावून गेले. मोर्चा जिंकला आणि लगेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधवांनी गोळीबारातून जखमी साथीदारांना वाचवलं आणि मशीनगनचे मोर्चे उडवले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. माझी रायफल घडत होती तेव्हा मराठे इटलीत याच सैन्याशी लढत होते.

घ्यायची असेल त्यांच्यासाठी. इथे अशा जुन्या शस्त्रांचं टाइप ०३ लायसन्स ३० डॉलरला ३ वर्षांसाठी मिळतं आणि प्रत्येक खरेदी-विक्रीची नोंद वहीत ठेवावी लागते. क्रीग्समोडेलचा ‘प्रत्येक स्क्रूवर जुळणारा नंबर’ असा दावा कुणी केला तर सावध व्हा. शेवटी शेवटी छोट्या भागांवर नंबर टाकणंच बंद झालं होतं. ठशांच्या कडा भिंगाखाली बघा. खोटे ठसे फॉस्फेट कापून आत जातात, खरे फॉस्फेटच्या खाली असतात. सोव्हिएत कोठारांतून आलेल्या रायफली स्वस्त असतात. त्यांच्यावर ‘एक्स’ची खूण, चकचकीत शेलॅक (लाखेचं रोगण) आणि बोल्टवर विजेच्या पेन्सिलने कोरलेले नंबर दिसतात. बार उडवायला त्या उत्तम, आणि त्यांचाही एक खरा इतिहास आहे. पण १९४५ ची अस्पर्श रायफल म्हणून तिचे पैसे मोजू नका.