मीटरवर 12.7 दिसलं आणि मी पैसे मोजले

बंद पडलेल्या गाड्या ट्रेलरवर चढवून गॅरेजपर्यंत पोहोचवायचं काम मी सोलापुरात करतो. हैदराबाद रोड, विजापूर रोड, तुळजापूरची बाजू, जिथून फोन येईल तिथं जातो. माझ्यासारखं काम करणारे बरेच आहेत, बॅटरी घेताना मी कसा फसलो ते त्यांच्यासाठी लिहितोय.

गेल्या उन्हाळ्यात विंचची, म्हणजे दोर गुंडाळत गाडी ट्रेलरवर ओढणाऱ्या मोटरची, बॅटरी उतरली. एका ओळखीच्या माणसानं सांगितलेल्या दुकानात गेलो. दुकानदार आधी इन्व्हर्टरची 150 एएचची (अँपिअर-तास) ट्युब्युलर बॅटरी गळ्यात मारायला बघत होता. तिथं मी फसलो नाही. ट्युब्युलर तासन्‌तास थोडा थोडा करंट द्यायला केलेली असते. माझी 9,500 पौंडांची, 12 व्होल्टची विंच पूर्ण भारावर 350 अँपिअरच्या आसपास ओढते. काम दोन-चार मिनिटांचंच, पण ओढ जबर. 100 एएच म्हणजे 5 अँपिअरनं 20 तास. 350 च्या ओढीला तो हिशोब लागूच पडत नाही. म्हणून मी सीसीए विचारतो, म्हणजे थंडीतही बॅटरी काही सेकंद किती जोराचा करंट देऊ शकते तो आकडा. विंचच्या पुस्तकात किमान 650 दिलंय.

हे सगळं मी त्याला सांगितलं. तो लगेच म्हणाला, "मग मालक, ही घ्या. 100 एएच, 17 प्लेटची, नवी कोरी." मीटर लावून दाखवला. 12.7 व्होल्ट. माझं समाधान झालं.

"पक्कं बिल लागतंय का? कच्चं चालत असेल तर 1,200 कमी करतो."

जुनी बॅटरी स्क्रॅपमध्ये त्यालाच दिली आणि वर 7,800 रोख मोजले. हातात चिठ्ठी आली, तिच्यावर फक्त "बॅटरी 1" आणि रक्कम.

पहिले दोन आठवडे हलक्या गाड्या होत्या, काही कळलं नाही. मग एका रात्री 11 नंतर तुळजापूर घाटातून फोन आला. देवीच्या दर्शनाहून परतणारं कुटुंब, गाडीचा गिअरबॉक्स अडकलेला, चाकं नीट फिरत नव्हती. गाडी रॅम्पवर निम्मी चढली आणि विंच मंदावली. मग नुसता सोलेनॉइडचा, म्हणजे विंचला वीज जोडणाऱ्या स्विचचा, टक-टक-टक आवाज. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि पिकअपच्या बॅटरीवरून जंपर केबल आणली. भाचा हुक बघायला पुढं वाकला होता.

मी दुसरा क्लॅम्प लावला आणि विंच आपोआप सुरू झाली. रिमोट खाली पडलेला, बटणावर कुणाचाच हात नाही. "मामा!" एवढंच ऐकू आलं. मी क्लॅम्प हिसकून काढला, ठिणग्या उडाल्या. पोराची बोटं दोर गुंडाळणाऱ्या ड्रमपासून चार अंगुळांवर होती. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि 7,800 रुपयांचा विचारही मनात आला नाही.

दुसऱ्या दिवशी सोलेनॉइड उघडला. कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटले होते. बॅटरीचा व्होल्टेज बसला की सोलेनॉइडची कॉइल कॉन्टॅक्ट घट्ट धरू शकत नाही. ते फडफडतात, आर्क होतो आणि वेल्डिंग केल्यासारखे जुळतात. पुन्हा वीज मिळाली की बटण न दाबता विंच फिरते.

मग बॅटरी भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली. साडेसतरा किलो. या मापाची 100 एएच ॲसिडसकट 25 किलोच्या आसपास भरायला हवी. बॅटरीचं काम करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रीनं स्टिकर सोलला. खाली दुसरा स्टिकर, आणि तारखेचा कोड घासून काढलेला. त्यानं ॲसिड काढून झाकण कापलं, तर एका सेलमध्ये (बॅटरीतल्या सहा खणांपैकी एकात) 17 ऐवजी 11 प्लेटा, त्याही जुन्या, पांढरट सल्फेट चढलेल्या.

माझा पहिला प्रश्न होता, मग 12.7 कसे दाखवले? मिस्त्री म्हणाला, लेड-ॲसिडचा एक सेल 2.1 व्होल्टच देतो, प्लेटा 11 असोत की 17. सहा सेल म्हणजे साडेबाराच्या वरच. प्लेटा कमी असल्या की मार खातो तो करंट, आणि तो लोड दिल्याशिवाय दिसत नाही. आधी चार्ज करून ठेवलेली खराब बॅटरीही मीटरवर नव्यासारखी दिसते.

दुकानदारानं चिठ्ठी हातातही घेतली नाही. "यावर माझ्या दुकानाचं नाव कुठाय?" ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला तर तिथंही बिलावरच गाडी अडली. 1,200 वाचवायला मी माझा पुरावाच देऊन बसलो होतो.

नवीन बॅटरी घेताना पक्कं बिल घेतलं, त्यावर सीरियल नंबर लिहून घेतला आणि तो बॅटरीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. पैसे द्यायच्या आधी काउंटरवरच लोड टेस्ट करायला लावली. सीसीएच्या निम्मा लोड 15 सेकंद, तेवढ्यात व्होल्टेज 9.6 च्या खाली जाता कामा नये. टेस्टर नाही म्हणणाऱ्या दुकानातून मी तसाच बाहेर पडलो. तुमच्याकडे ट्रेलर असेल तर तो दुकानासमोर उभा करा, बॅटरी जोडून एखादी गाडी ओढून बघा आणि मीटर तेव्हा लावा. बॅटरी आणि विंचच्या मध्ये कट-ऑफ स्विच बसवा, आजच बसवा. केबलला हात लावायच्या आधी आता भाचाच तो बंद करतो.

कापलेली बॅटरी मी भंगारात अजून घातलेली नाही. सोलापुरात कुणाला खरेदीच्या आधी बघायची असेल तर या, प्लेटा मोजून दाखवतो.