गार्मिन 255 आहे, 265 घेऊ का? (आणि 245 वाल्यांसाठी वेगळं उत्तर)

मागचा महिनाभर मी डाव्या हातात माझं जुनं फोररनर 255 (गार्मिनचं पळणाऱ्यांसाठीचं जीपीएस घड्याळ) आणि उजव्या हातात मेहुण्याचं 265 घालून पळालो. वेताळ टेकडीवर रोज भेटणारे एक आजोबा आहेत, त्यांनी आठवडाभर नुसतं बघितलं आणि मग विचारलंच, "काय हो, मुलगा अमेरिकेत आहे का, तिकडची वेळ बघायला दुसरं?" म्हटलं नाही आजोबा, अपग्रेड करू का नको ते ठरत नाहीये.

आपल्या रनिंग ग्रुपमध्ये पण बऱ्याच जणांचं इथेच अडलंय, म्हणून सविस्तर लिहितोय. 255 आलं जून 2022 मध्ये, 265 मार्च 2023 मध्ये, म्हणजे मधे जेमतेम नऊ महिने. अमेरिकेतली लाँचची किंमत 255 ची 350 डॉलर (म्युझिकवालं 400) आणि 265 ची 450. इथले दर सेलप्रमाणे वर-खाली होत असतात त्यामुळे रुपयाचे आकडे देत नाही, घ्याल त्या दिवशी बघा. पण मेख अशी आहे की 255 ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी फरक शंभर डॉलरचा नाहीच, त्याला नवीन घड्याळाचे सगळे पैसे मोजायचेत, वजा जुनं जे काय विकलं जाईल ते.

आधी स्क्रीनचं बोलतो कारण खरा फरक तिथेच आहे, बाकी सगळं तोंडी लावायला. 255 ला एमआयपी स्क्रीन, 260 बाय 260. 265 ला फोनसारखा अ‍ॅमोलेड, 416 बाय 416, साइज दोन्हीची 1.3 इंचच. शोरूमच्या लाइटमध्ये दोन्ही शेजारी ठेवली तर 255 बिचारं जुन्या कॅल्क्युलेटरसारखं दिसतं आणि माणूस तिथेच घायाळ होतो. पण एमआयपीची गंमत अशी की ती बाहेरचाच उजेड परत फेकते, त्यामुळे ऊन जितकं कडक तितकी ती स्वच्छ दिसते आणि आकडे कायम समोर असतात, मनगट झटकायला लागत नाही. मे महिन्यात सकाळी साडेनऊला लाँग रन संपवत असाल तर 255 ला काही प्रॉब्लेम नाही. अ‍ॅमोलेड पण उन्हात वाचता येतो, वाटलं होतं त्यापेक्षा बराच बरा, पण तो स्वतःच्या लाइटवर चालतो आणि तो लाइट बॅटरी खातो.

आता उलटी बाजू. मी पळतो पहाटे पाच वाजता, टेकडीवर तेव्हा डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. आणि मला चाळिशी लागलीय. चष्मा लावून पळणारे असतील, मी नाही पळत, घामाने तो नाकावरून घसरतो. तर अंधारात, चष्म्याशिवाय, चढावर धापा टाकत 255 वर चार चौकटीतला पेस (किलोमीटरला किती मिनिटं) वाचायचा म्हणजे हात आधी तोंडाजवळ आणायचा, मग लांब न्यायचा, मग सोडून द्यायचा. 265 वर तोच आकडा एका नजरेत. हा फरक कुठल्याच स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात लिहिलेला नसतो कारण तक्ता बनवणाऱ्यांना बहुतेक चाळिशी लागलेली नसते.

टच बद्दल: 265 ला टच आहे, 255 ला नाही, पाच बटणं दोन्हीला आहेत. घरी बसून झोप बिप बघायला, मेनू फिरवायला टच छान वाटतो. पळताना घामाचा हात, पावसाळ्यात भिजलेली बाही, अशात कुठलाही टच स्क्रीन शहाण्यासारखा वागत नाही, म्हणून मी सेटिंगमध्ये जाऊन रनपुरता टच बंदच करून टाकला. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन केलेल्यांना माहीत आहे, यवतेश्वरच्या घाटात पावसात बोटं सुरकुतलेली असतात, तिथे बटणच कामाचं.

बॅटरी: कंपनीच्या आकड्यानुसार 255 रोजच्या वापरात 14 दिवस आणि नुसत्या जीपीएसवर 30 तास, 265 तेच 13 दिवस आणि 20 तास. मल्टीबँड (दोन फ्रिक्वेन्सीवरचं जीपीएस, खाली सांगतो) लावलं तर 16 विरुद्ध 14 तास. ऐकायला 30 चे 20 म्हणजे केवढी घट, पण हिशोब करा ना, आपण कोण आहोत? मुंबई मॅरेथॉन सहा तासात संपवणारा असला तरी दोन्हीला फरक पडत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स अल्ट्रा मॅरेथॉनला जाणाऱ्यांना पण नाही, तिथली वेळेची मर्यादाच 12 तास आहे. 24 तासांची स्टेडियम रन वगैरे करणारी जी थोडी वेडी मंडळी आहेत त्यांनी मात्र 255 सोडू नये. आणि 265 वर स्क्रीन सतत चालू ठेवायचा ऑप्शन लावला तर ते 13 दिवस विसरा. बारीक मनगटवाल्यांसाठी एक गंमत सांगून ठेवतो, 255 मध्ये लहान एस मॉडेलची बॅटरी मोठ्यापेक्षा कमी होती (12 दिवस, 26 तास), 265 मध्ये उलटं झालंय, 265 एस ला 15 दिवस आणि 24 तास.

जीपीएस साठी अपग्रेड करताय? नका करू. मल्टीबँड दोन्हीत आहे, म्हणजे उपग्रहाकडून दोन फ्रिक्वेन्सीवर सिग्नल घेऊन उंच बिल्डिंगवर आपटून आलेला सिग्नल ओळखायचा. लोअर परळच्या टॉवरमधून पळताना उपयोग आहेच, पण तो 255 वर पण तेवढाच आहे. महिनाभरात दोन्हीचे मॅप एकावर एक टाकून बघितले, मला तरी नवं-जुनं ओळखता आलं नाही. आणि मॅरेथॉनमध्ये घड्याळ 42.195 किलोमीटरच्या ऐवजी 42 पॉइंट सहा-सात दाखवतं ते घड्याळाचं पाप कमी आणि आपलं जास्त असतं, कोर्स कमीत कमी अंतराच्या रेषेवर मोजलेला असतो आणि आपण लोकांना ओलांडत, पाण्याच्या टेबलाकडे वळत नागमोडी पळतो.

हार्ट रेट पण तेच. दोन्हीत कंपनीचा चौथ्या पिढीचाच सेन्सर आहे. इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून पालटून) करताना हार्ट रेट अचानक 175 ला जाऊन चिकटतो, तो पुष्कळदा हार्ट रेट नसतोच, पावलांचा वेग असतो, सेन्सर हाताच्या झटक्यांना नाडी समजून बसतो. पट्टा एक भोक घट्ट करा, घड्याळ मनगटाच्या हाडाच्या वर सरकवा, नाही जमलं तर छातीचा पट्टा घ्या, पोलर एच 10 असो की कुठला, दोन्ही घड्याळांना जोडला जातो. ज्याला आकडे अचूक हवेत त्याने अपग्रेडच्या एका हिश्शात हे करावं आणि उरलेल्यात बूट घ्यावेत, मी तरी हेच सांगेन.

सॉफ्टवेअरमध्ये एकच मोठी गोष्ट 255 ला कधी मिळाली नाही, ट्रेनिंग रेडिनेस. रोज सकाळी 0 ते 100 मधला एक आकडा, आज जोर लावायचा का आराम करायचा. रात्रीची झोप, रिकव्हरी टाइम, एचआरव्ही (हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या वेळेत होणारा कमी-जास्त फरक), मागच्या दिवसांतला व्यायामाचा लोड, स्ट्रेस हे सगळं धरून तो काढतात. पण यातलं जवळपास सगळं कच्चं सामान 255 पण दाखवतंच, वेगवेगळ्या ठिकाणी. म्हणजे गुणपत्रिकेवर सगळ्या विषयांचे मार्क आहेत, फक्त टक्केवारी काढलेली नाही. ज्याला आयता आकडा लागतो त्याला आवडेल. मला आठवडाभर आवडला, मग एकदा तीन वाजेपर्यंत जागून लग्न आटोपून आल्यावर सकाळी त्याने सांगितलं की आज दमलेला आहेस, म्हटलं हे सांगायला घड्याळ कशाला, बायकोने पण सांगितलं असतं. एक लक्षात ठेवा, नवीन असाल तर एचआरव्हीचा पाया तयार व्हायला तीनेक आठवडे रात्री घालून झोपावं लागतं, तोवर त्या आकड्याला फार मनावर घेऊ नका.

म्युझिक: 265 मध्ये सगळ्यांना आहे, 8 जीबी. 255 मध्ये म्युझिक नावाचं मॉडेल घेतलं असेल तरच, 4 जीबी. फोन घरी ठेवून गाणी ऐकत पळायचंय आणि तुमचं साधं 255 आहे तर हे एक खरंखुरं कारण. मी फोन नेतोच, घरून फोन येतात. वजन 49 आणि 47 ग्रॅम, हातावर काही कळत नाही. मोठ्या मॉडेलला पट्टा दोन्हीला 22 एमएम, त्यामुळे जुने पट्टे चालतील, चार्जिंगची वायर पण चालेल.

आता 245 वाले. तुमची गोष्टच वेगळी आहे. 2019 चं घड्याळ, मल्टीबँड नाही, बॅरोमीटर नाही, रात्रीचं एचआरव्ही नाही, बॅटरी नवी असताना 7 दिवस आणि आता किती उरलीय ते तुम्हालाच माहीत. बॅरोमीटर नसल्याने उंचीचा अंदाज जीपीएसवर, सिंहगडाच्या चार चढाया केल्यात आणि घड्याळ भलतंच काहीतरी सांगतंय असं होऊ शकतं. तुम्ही उडी मारा, 265 वर मारा, स्वस्तात चांगलं 255 मिळालं तर तेही चालेल. फक्त पट्टे बदलतील, तुमचे 20 एमएमचे आहेत. बजेट कमी असेल तर 2024 चं 165 आहे, लाँचला 250 डॉलरचं, अ‍ॅमोलेड आहे, बॅरोमीटर आहे, पण मल्टीबँड आणि ट्रेनिंग रेडिनेस नाही, पहिली हाफ करणाऱ्याला पुष्कळ झालं.

मे 2025 मध्ये 570 आलं, लाँचची किंमत 550 डॉलर. सेन्सर पाचव्या पिढीचा, स्पीकर-माइक, स्क्रीन अजून भडक, आणि एवढ्या पैशात मॅप नाहीत ते नाहीतच, मॅप हवे तर 970, लाँचला 750 डॉलर. 255 वरून उडी मारायचीच म्हणून मारायची असेल तर सेन्सर तरी बदलतोय म्हणून 570 बघा, पण मला ते महाग वाटतं. त्याचा खरा उपयोग असा की ते आल्यावर 265 वर सूट निघायला लागली.

परदेशातून कोणी येतंय म्हणून मागवणार असाल तर वॉरंटी इथे चालते का ते आधी विचारून घ्या.

मेहुण्याचं घड्याळ रविवारी परत केलं. त्याआधी 255 वर दोन गोष्टी केल्या, रनच्या पानावर चार चौकटी होत्या त्या दोन केल्या, पेस आणि अंतर, बास, आकडे एकदम मोठे झाले, आणि बॅकलाइट पळताना सतत चालू राहील असं लावलं. बॅटरी थोडी जास्त जाते, जाऊ दे. आज पहाटे पाच दहाला टेकडी चढताना पेस वाचता आला, आठ बारा होता, तो दिसला नसता तरी चाललं असतं.