क्लेम एजंटचा चेक की फीलाचा दावा

डायनिंग टेबलावर बायॉप्सीचा रिपोर्ट, शेजारी रेल्वेच्या क्लेम डिपार्टमेंटचं पत्र. सही करून मोकळं व्हावं की वकील गाठून फीलाचा, म्हणजे अमेरिकेतल्या रेल्वे कामगारांना भरपाई मागू देणाऱ्या कायद्याचा, दावा लावावा? शिकागोकडच्या आमच्या रिटायर मंडळींचे फोन हल्ली बऱ्याचदा या प्रश्नापाशी येऊन थांबतात. मी दोन्ही वाटांनी थोडाथोडा चाललोय, म्हणून लिहितो. मी वकील नाही. डिझेल शॉपमध्ये २५ वर्षं इलेक्ट्रिशियन होतो आणि २०१७ साली उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग काढून बसलोय.

आधी एजंटची बाजू. आमच्याकडे आलेला माणूस गोड होता. घरी आला, बायकोच्या हातचा चहा घेतला, शॉपमधल्या जुन्या लोकांची चौकशी केली. मग सहज विचारावं तसं, ‘सिगरेट किती वर्षं?’ मी खरं सांगितलं, अकरा. सांगितलं आणि वाटलं, संपलं सगळं. तसं नसतं, हे नंतर कळलं. फीलाखाली आपला दोष धरला तरी तेवढ्या हिश्शाने रक्कम कापतात, दावा बुडत नाही. पण त्या दिवशी मी गप्प बसलो आणि त्याने आकडा सांगितला. आकडा अगदीच वाईट नव्हता. सहा आठवड्यांत चेक, वकिलाचा हिस्सा नाही, कोर्टाची पायरी नाही. आजार पुढे गेलेला असेल, घराचे हप्ते थकले असतील, तर ही वाट धरणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

माझं अडलं ते रिलीजच्या, म्हणजे पैसे घेऊन दाव्याचा हक्क सोडायच्या कागदावर. कागद चार पानी. तिसऱ्या पानावर एक लांबलचक वाक्य: आज झालेला आजार, पुढे होऊ शकणारा कोणताही कॅन्सर, फुफ्फुसाचा कुठलाही विकार, माहीत असलेला नि नसलेला, डिझेलचा धूर, ॲस्बेस्टॉस, सिलिका, सॉल्व्हंट. बायकोने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, ‘म्हणजे उद्या डाव्या बाजूला काही निघालं तरी तोंड उघडायचं नाही?’ एजंट म्हणाला, नेहमीचाच फॉर्म आहे. तेवढी ओळ खोडा म्हटलं, तर म्हणाला, रकमेत थोडं इकडेतिकडे करता येईल, ओळ हलणार नाही.

पैसे सरकतात आणि ओळ सरकत नाही, तिथेच माझ्या डोक्यात पाल चुकचुकली. ॲस्बेस्टॉसने होणारा मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो. सुरुवातीची काही वर्षं मीही जुन्या इंजिनांची ती पांढरी लॅगिंग, म्हणजे ॲस्बेस्टॉसचं आवरण, हाताने काढलेली. असं सरसकट रिलीज टिकतं का, यावर कोर्टांचंही एकमत नाही. रेल्वेला जबाबदारीतून सोडवणारा करार फीलाच्या पाचव्या कलमाने रद्द ठरतो. त्याच कलमावर बोट ठेवून सहाव्या सर्किटने (हे विभागवार फेडरल अपील कोर्ट) १९९७ मध्ये बॅबिट खटल्यात अशा कागदांना बरंच आवळलं, तर तिसऱ्याने पुढच्याच वर्षी विकर खटल्यात जरा सैल भूमिका घेतली. सही करताना दोन्ही बाजूंना माहीत असलेल्या धोक्यापुरतं रिलीज चालेल, असं काहीसं. आपल्या नशिबी कुठलं कोर्ट येईल, कोण सांगणार?

दावाही गुळाची ढेप नाही. माझी अडीच वर्षं गेली. डिपॉझिशनला, म्हणजे खटल्याआधीच्या शपथेवरच्या जबानीला, अख्खा दिवस बसवलं. कुठल्या हिवाळ्यात शॉपची दारं बंद ठेवून इंजिनावर भार टाकून लोड टेस्ट केली, पंखा बंद असल्याचं कुणाला सांगितलं, लेखी दिलं का? मला आठवला तो डबा. जेवायला बसताना झाकणावरून बोट फिरवलं की काळी रेघ उमटायची. तेच सांगितलं. रेल्वेच्या हलगर्जीपणाचा आजारात लहानसा वाटा असला तरी पुरतो, हे १९५७ च्या रॉजर्स खटल्यापासून चालत आलंय आणि २०११ मध्ये मॅकब्राइड खटल्यात सुप्रीम कोर्टाने पुन्हा उचलून धरलं. शिवाय डिझेलचा धूर फुफ्फुसाचा कॅन्सर करतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१२ मध्येच पक्कं केलंय. तरी तज्ज्ञ डॉक्टर लागतोच. त्याची साक्ष जज्जने बाद केली तर केस ज्युरीपर्यंत न पोचताच संपते. काही जणांचं तसं झालंय. माझा टिकला.

शेवटी ज्युरी बसायच्या आत समझोताच झाला. पंचवीस टक्के वकिलाचे, वर खर्च, मग सिकनेस बेनिफिटचे पैसे रेलरोड रिटायरमेंट बोर्डाने परत घेतले. हातात आलं ते एजंटच्या आकड्यापेक्षा थोडंच जास्त. पण या खेपेचा कागद दीड पानाचा होता आणि त्यात एकाच आजाराचं नाव होतं. दर सहा महिन्यांनी स्कॅनला जातो तेव्हा मला त्या दीड पानाचं मोल कळतं. तुमचा हिशेब वेगळा निघू शकतो. मी मात्र पुन्हा दावाच लावीन.

एजंटशीच बोलायचं ठरवलंत, तरी तीन वर्षांची मुदत विसरू नका. आजार आणि त्याचं कारण कळलं, किंवा कळायला हवं होतं, तेव्हापासून ती सुरू होते, आणि एजंटशी बोलणी चालू आहेत म्हणून थांबत नाही. माझा एजंट ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत राहिला. वकिलाने तारखा मोजल्या तेव्हा अकरा महिने उरले होते. युनियनच्या लोकल चेअरमनकडे नेमलेल्या वकिलांची यादी असते, पहिली भेट बहुधा फुकट असते. जाताना तो रिलीजचा कागद सोबत न्या, कोराच.