'सुम्मा'चा एकच लेख, सात महिने: नवख्यांना ख्रिस्ती तत्त्वज्ञान शिकवताना

तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याचा 'सुम्मा थिओलॉजिए' हा ग्रंथ नवख्यांच्या हाती देऊ नये, असं सर्रास सांगतात. पण त्याच्या प्रस्तावनेतच तो नवशिक्यांसाठी असल्याचं म्हटलंय. पुणे कॅम्पातल्या शनिवारच्या गटात सात महिने वापरल्यावर मत असं: अख्खा ग्रंथ नको, पहिल्या भागातल्या दुसऱ्या प्रश्नाचा तिसरा लेख घ्या (ग्रंथाचे भाग, भागांत प्रश्न, प्रश्नांत छोटे लेख अशी रचना आहे). विषय: देव आहे का?

मांडणी पूर्वपक्ष-उत्तरपक्षासारखी, म्हणून आपल्याला परकी वाटत नाही. आधी आक्षेप, मग 'याउलट', मग उत्तर, शेवटी आक्षेपांचं निरसन. पहिल्या बैठकीत फक्त दोन आक्षेप वाचा: जगात वाईट आहे, आणि देवाला न धरताही सृष्टीचा उलगडा होतो. उत्तर झाकून ठेवा. प्रत्येकाने आक्षेप आपल्या शब्दांत, आणखी धारदार करून लिहायचा. हे टाळलं की श्रद्धावान निष्कर्षाला नुसत्या माना डोलावतात आणि न मानणारे पुढच्या शनिवारी येत नाहीत.

'याउलट'मध्ये बायबलमधलं निर्गम 3:14 येतं, 'मी आहे तो आहे'. नवखे यालाच पुरावा समजतात. तो पुरावा नव्हे. युक्तिवाद त्याच्यापुढे सुरू होतो.

उत्तरात थॉमस देव असल्याचे पाच युक्तिवाद, म्हणजे 'मार्ग', देतो. सर्वांत जास्त घोटाळा पहिल्या मार्गात. इंग्रजीतल्या 'मोशन'चं 'गती' केलं की लोक चेंडू आणि न्यूटनकडे वळतात. 'बदल' म्हणा. थॉमसचं उदाहरण लाकडाचं आहे: ते तापू शकतं, पण तापवायला आधीच तापलेला विस्तव लागतो.

दुसरी चूक, 'पहिलं कारण' (बाकी सगळं ज्याच्यावर अवलंबून ते, म्हणजे देव) हे फार पूर्वी कधीतरी घडलेलं समजणं. इथे लामणदिवा कामी येतो. प्रत्येक कडी वरच्या कडीमुळे आत्ता, या क्षणी टांगलेली आहे; कड्या कितीही वाढवा, आढ्याला हूक नसेल तर दिवा खाली. जगाला सुरुवात होती हे बुद्धीने सिद्ध करता येत नाही, असं थॉमस 46व्या प्रश्नात स्वतः म्हणतो. तो उतारा त्याच दिवशी वाचून दाखवा, अर्धे वाद मिटतात.

उणीव एक, आणि ती मोठी. वाईटाबद्दलचं निरसन जेमतेम काही ओळींचं: देव वाईटातूनही चांगलं घडवतो. तर्क म्हणून ठीक, पण घरात नुकताच मृत्यू झालेल्या माणसासमोर या ओळी वाचू नयेत. त्या आठवड्यात बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचा 3रा अध्याय, त्याचा विलाप, घ्या आणि थॉमस पुढच्या शनिवारवर ढकला.

अन्सेल्म या ख्रिस्ती विचारवंताचा युक्तिवाद (ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही तो देव, म्हणून तो असलाच पाहिजे) सहाव्या महिन्याआधी नको. नवख्यांना तो शब्दांचा खेळ वाटतो, आणि त्याच्या काळातल्या गौनिलो या साधूचा बेटाचा आक्षेप (मग सर्वांत उत्तम बेटही असंच सिद्ध होईल) सोबत नसेल तर तो तसाच राहतो.