व्हीलचेअरवरून लंडन की पॅरिस?

हातात चार-पाच दिवस आणि सोबत व्हीलचेअर असेल, तर या दोनांपैकी एकच शहर निवांत पाहावं. मी दोन्ही पाहिली आहेत, तीही साध्या, हाताने चालवायच्या चेअरवरून. तुमची चेअर इलेक्ट्रिक असेल, तर अनुभव थोडा वेगळा येऊ शकेल.

संग्रहालयांत पॅरिस उजवं, हे आधी कबूल करतो. लूव्रमध्ये अपंग व्यक्तीला आणि सोबत्याला प्रवेश मोफत, रांगेतही थांबावं लागत नाही. काचेच्या पिरॅमिडखाली गोल जिन्याच्या मधोमध उघडी लिफ्ट आहे. तिच्यातून खाली उतरताना डोक्यावर सगळं आकाश असतं. जिन्याने जाणाऱ्यांना हे सुख नाही. आयफेल टॉवरवर मात्र चेअर दुसऱ्या मजल्यापर्यंतच जाते. मोंमार्त्रच्या टेकडीवर फ्युनिक्युलर, म्हणजे तारेने ओढली जाणारी छोटी रेल्वे, नेते, पण वरच्या दगडी फरशीवर पाठ पार खिळखिळी होते.

मेट्रो दोन्हीकडे जुन्याच. पॅरिसच्या जुन्या जाळ्यात चेअरसाठी पूर्ण सोयीची लाईन एकच, 14 नंबरची. लंडनमध्ये ट्यूबच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, साधारण एक-तृतीयांश स्टेशनांवर पायऱ्या टाळता येतात, शिवाय 2022मध्ये सुरू झालेली नवी रेल्वे, एलिझाबेथ लाईन, आहे. बसला रॅम्प दोन्ही शहरांत. लंडनमध्ये व्हीलचेअरवाल्याला बसचं तिकीट पडत नाही, पण चेअरची जागा एकच. तिथे आधीच कुणी असेल, तर पुढच्या बसची वाट पाहायची.

माझा कौल ठरला तो टॅक्सीवरून. पॅरिसमध्ये रॅम्पची टॅक्सी बहुधा आधी बुक करावी लागते, म्हणजे परतायची वेळ सकाळीच ठरवायची. ओर्से संग्रहालयात मोनेच्या चित्रांसमोर मन रमलं होतं आणि नजर सारखी घड्याळाकडे जात होती. टॅक्सी चुकली तर काय, या धास्तीने शेवटचं दालन राहूनच गेलं. मला ते फार लागलं. लंडनची प्रत्येक काळी टॅक्सी रॅम्पची असते. रस्त्याच्या कडेला हात करायचा, चेअरसकट आत, आणि चेअरचे वेगळे पैसे नाहीत. टॅक्सी महाग आहे, पण पाऊस आला, बस भरली, लिफ्ट बंद निघाली, तरी दिवस वाया जात नाही.

चित्रकलेसाठीच निघाला असाल, तर पॅरिसला जरूर जा; हॉटेल तेवढं 14 नंबरच्या लाईनजवळ घ्या. पहिलाच परदेश प्रवास असेल, तर मी लंडनचं तिकीट काढेन.