टाके घातले ड्रेसरनं, बिल लागलं सर्जनचं

धाकट्या भावाच्या तळहातात काच घुसली, तेव्हाच्या बिलात या तीन ओळीही होत्या: सर्जन फी, टेंडन एक्सप्लोरेशन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, म्हणजे टेंडन, तुटलीय का ते जखमेत पाहणं), ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटरचे चार्जेस. सर्जन आम्हाला दिसलेच नाहीत आणि ओटीत कुणी नेलं नाही. कॅज्युअल्टीत पडदा ओढून एका हिरव्या कपड्यातल्या माणसानं टाके घातले. बाहेरून कुणीतरी त्याला हाक मारली, तेव्हा कळलं की तो ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारा कर्मचारी आहे.

डॉक्टर सोडून दुसऱ्यानं टाके घालणं ही दरवेळी फसवणूक असते असं नाही. ब्रिटनमध्ये नर्स प्रॅक्टिशनर आणि अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट सर्रास टाके घालतात. पण ते त्यासाठी शिकलेले असतात, आणि कागदावर त्यांचंच नाव असतं. इथे काम एकाचं, सही दुसऱ्याची.

बरं, काम तरी धड? त्यानं जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं आणि म्हणाला, “फेस येतोय बघा, घाण निघतेय.” हा फेस स्वच्छ जखमेवरही येतो, वर चांगल्या पेशींना इजा होते ती वेगळीच. जखम धुवायची ती सलाईननं, नाहीतर पिण्याच्या स्वच्छ पाण्यानं, भरपूर आणि थोड्या जोरात. ते झालंच नाही. बधिर करायच्या आधी बोटांच्या टोकांना स्पर्श कळतो का, प्रत्येक बोट वाकतं का, हे पाहायला हवं. एकदा बधिर केलं की संवेदना तपासता येत नाही. यानं थेट सुई टोचली. काच बहुतेक वेळा एक्स-रेत दिसते, तरी एक्स-रे काढला नाही.

धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र लगेच दिलं. शेवटचं कधी घेतलं, हे विचारलंसुद्धा नाही. भावानं ते मागच्याच वर्षी घेतलं होतं. पूर्ण कोर्स झालेला असेल तर मळलेल्या जखमेलाही शेवटच्या डोसला 5 वर्षं झाल्यावरच बूस्टर लागतो, साध्या स्वच्छ जखमेला 10 वर्षांनी. बिलात तेही होतंच.

सूज उतरेना म्हणून दुसरीकडे दाखवलं. एक्स-रेत काचेची कपची स्पष्ट दिसली. टाके उसवून ती काढली. टेंडन शाबूत होता, हे नशीब.

मग आम्ही पहिल्या ठिकाणाहून केस पेपरची प्रत मागितली. आधी टोलवाटोलवी झाली, लेखी अर्ज दिल्यावर मिळाली. त्यात सर्जनची सही, “टेंडन तपासला, बाह्य वस्तू नाही” अशी नोंद आणि खाली वेळ. त्या वेळेला आम्ही पैसे भरून बाहेर पडलो होतो. पावतीवर आधीची वेळ छापलेली आहे. अशा प्रकरणात बिलापेक्षा हा कागद जास्त कामाचा, आणि तो घरी निघण्याआधीच मागावा. टाके कोण घालतंय, त्याचं नाव आणि पद काय, हे सुई लागण्याआधी विचारलं तर कुणी रागावत नाही. रागावला तर काय समजायचं ते समजा.

व्यवस्थापनानं सर्जन फी “सवलत” म्हणून परत देऊ केली, सोबत तक्रार नसल्याच्या कागदावर सही मागितली. आम्ही सही केलेली नाही. केस पेपर, पावती आणि एक्स-रे जोडून तक्रार दिली आहे.