'बॅड न्यूज' गेम: नववीच्या वर्गात कितपत चालतो?

माध्यम साक्षरतेच्या तासाबद्दल मुलांची ठरलेली तक्रार: 'खोट्या बातम्यांवर विश्वास ठेवू नका' हे पालुपद, फळ्यावर चार मुद्दे, तास संपला. 'बॅड न्यूज' हा ब्राउझरवर फुकट खेळता येणारा गेम उलट्या बाजूने सुरू होतो. खोटी बातमी पसरवायची ती मुलांनीच. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी खोट्या माहितीविरुद्ध काम करणाऱ्या नेदरलँड्सच्या 'ड्रॉग' या गटाबरोबर तो २०१८ मध्ये आणला.

स्क्रीनवर मजकूर येतो, दोन-तीन पर्यायांतला एक निवडायचा. फॉलोअर आणि विश्वासार्हता असे दोन मीटर कायम समोर. वाट्टेल ते फेकलंत तर विश्वासार्हता शून्यावर जाऊन खेळ संपतो. फार सभ्यपणे वागलात तर फॉलोअर हलत नाहीत. तोतयेगिरी, भावना भडकवणं, फूट पाडणं, कटाच्या थिअऱ्या, बदनामी आणि ट्रोलिंग असे सहा टप्पे, प्रत्येकाचा एक बिल्ला. तोतयेगिरीत मुलं सर्वांत रमतात. नामवंताच्या नावासारखंच खातं, फक्त एखादं अक्षर फिरवलेलं. हा डाव स्वतः टाकला की खात्याचं नाव नीट वाचायला हवं हे वेगळं सांगावं लागत नाही. बदनामीचा टप्पाही झकास: फॅक्टचेकरने तुम्हाला पकडलंय, माफी मागायची, गप्प बसायचं की त्याच्यावरच चिखलफेक?

आता अडचणी. वाचन भरपूर आणि इंग्रजी तिरकस, त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलांना निम्मे विनोद कळत नाहीत. गेम १५-२० मिनिटांचा म्हणतात, पण एकाने मोठ्याने वाचायचं नि दुसऱ्याने अर्थ लावायचा म्हटलं की अर्धा तास सहज जातो. ३५ मिनिटांच्या तासात चर्चेला जागा उरत नाही, जोडतास घ्या. एका संगणकावर दोघंच बसवा, तिसरा हमखास टवाळक्या करतो. शिवाय सगळा मामला ट्विटरचा. आपल्याकडची अफवा येते ती घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून, काकांच्या फॉरवर्डमधून. व्हॉट्सॲपच्या धर्तीवर हिंदीत केलेला असाच एक गेम उत्तर भारतात तपासला गेला, तेव्हा परिणाम दिसलाच नाही.

खरी गोम मात्र पुढे आहे. अशा खेळांच्या प्रयोगांतली आकडेवारी २०२३ मध्ये पुन्हा तपासली गेली. त्यात दिसलं की खेळून झाल्यावर खरं-खोटं ओळखण्याची नजर फारशी सुधारत नाही. माणूस सरसकट सगळ्यालाच खोटं म्हणू लागतो. म्हणून गेमनंतर लगेच दहा मथळे द्या. त्यातले सहा-सात खरे ठेवा, आणि किती खरे ते सांगू नका. दहाच्या दहा 'फेक' ठरवणारी मुलं निघतीलच. त्यांना नवा टॅब उघडून ती साइट कोणाची, तीच बातमी आणखी कोणी दिलीय, हे शोधायला लावा. मथळ्यांची ही २० मिनिटं गाळणार असाल तर गेम न दिलेला बरा.

मूळ गेम साधारण १४ वर्षांपुढच्यांसाठी आहे. लहानांसाठी वेगळी 'ज्युनिअर' आवृत्ती मिळते. दहावीला वेळ कुठला, तेव्हा नववीतच उरकून घ्या.